नळाचा सांधा गळतो तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत ग्रामसंघाच्या तायांसमोर झालेल्या बोलण्याचा मजकूर)



कर्जाचा आणि परतफेडीचा विषय अध्यक्षताईंनी आज लवकर आटोपला, म्हणून मला अर्धा तास मिळाला. मी नल जल मित्राचं प्रशिक्षण घेतलं आहे आणि आता आमच्या गावात नळाची लहानमोठी दुरुस्ती करते. सोबत ही पिशवी आणली आहे. यात पाईपचे तुकडे आहेत, एल्बो आहे, टी आहे, टेप आहे. बोलता बोलता हातात देते, एकमेकींकडे सरकवत राहा.

जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला, असं त्यात ठरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या दारात तोटी आली, डोक्यावरच्या गुंडाचा भार कमी झाला. पण नळ आला तसं नळाचं दुखणंही घरात आलं. हातपंप बिघडला तर सगळं गाव ओरडायचं. आपल्या सांदवाडीतला पाईप गळतो तेव्हा कोणी ओरडत नाही. आपण खाली एक गंज ठेवतो, नाहीतर चिंधी गुंडाळतो आणि तेंदूपानाला निघून जातो.

गळतंय तर गळू द्या, थोडंसंच तर आहे, असं कोणी म्हटलं तर एक गोष्ट नीट ऐका. पाणी वाया जातं ते तर आहेच. पण आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. तासभर येतो, दोन तास येतो, मंग बंद. पाणी चालू असताना सांध्यातून थेंब बाहेर पडतो. पाणी बंद झालं की पाईप रिकामा व्हायला लागतो आणि आत ओढ तयार होते. तेव्हा त्याच फटीतून बाहेरचं आत जातं. बाहेर काय आहे? न्हाणीचं सांडपाणी आहे, नालीचा चिखल आहे, कोंबड्यांची घाण आहे. दुसऱ्या दिवशी नळ सुरू झाला की पहिल्या गुंडीत तेच येतं. पावसाळ्यात घरातलं लहान पोट्टं हगवणीने आजारी पडतं आणि आपण म्हणतो, पाणी तर नळाचं पीत होतो, मंग काहून झालं? टाकीवर ब्लिचिंग टाकलं होतं हेही खरं असतं. पण टाकी ते तोटी या वाटेत कुठे भोक आहे ते कोणी पाहिलेलं नसतं.

याहून वाईट म्हणजे नळाला थेट मोटार लावणं. मोटार पाईपमधून जोराने पाणी ओढते. शेजारणीच्या नळाला धार येत नाही, आणि रस्त्यातले जेवढे ढिले सांधे आहेत त्यांतून घाणही ओढून आणते. ती घाण मोटारवाल्याच्या घरीही जाते आणि ज्यांनी मोटार लावली नाही त्यांच्याकडेही जाते. कोणाच्या घरी मोटार आहे ते गटात सगळ्यांना माहीत असतं. नातं बिघडेल म्हणून कोणी बोलत नाही. मला वाटतं हा विषय सभेत नाव न घेता काढावा. आपल्या गटातच त्या घरची सून बसलेली असते, तिला कळतं.

आता कामाला लागू. गळती दिसली की आधी नेमकी कुठून गळते ते शोधायचं. पाणी लबाड असतं. वरच्या एल्बोतून निघतं, पाईपच्या पाठीवरून घसरत येतं आणि खालच्या तोटीवरून थेंब पडतो. आपण तोटी बदलतो आणि गळती तशीच राहते. म्हणून सुती फडक्याने सगळा पाईप कोरडा पुसा. मंग चुलीतली कोरडी राख चिमटीने एकेका सांध्यावर भुरभुरवा, वरून खाली येत. जिथली राख आधी भिजून काळी पडेल तिथे चोर आहे. राख नको असेल तर वर्तमानपत्राची पट्टी प्रत्येक सांध्याला गुंडाळा, ओली झालेली पट्टी लगेच दिसते. पाच मिनिटं लागतात. बाहेरून येणारे कारागीर हे पाच मिनिटं घालवत नाहीत, सरळ नवीन माल लिहून देतात.

चोर सापडला की पाहायचं, सांधा कोणत्या जातीचा आहे. तीनच जाती आहेत: सोल्युशनने चिकटवलेला, आट्यांचा, आणि काळ्या किंवा निळ्या पाईपवरचा नटाचा.

सोल्युशनच्या सांध्याबद्दल जास्त बोलते, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. आपण सोल्युशनला गोंद समजतो. तो गोंद नाही. ते प्लास्टिकला वरच्या वर विरघळवतं, पाईपचं आणि फिटिंगचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं, आणि वाळल्यावर दोघांचं एक होतं. म्हणून गळणाऱ्या सांध्यावर बाहेरून सोल्युशन फासून काही होत नाही. आत पाणी आहे, फट ओली आहे, ते कशाशी मिसळणार? दोन दिवस बरं दिसतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा टपटप. असा सांधा कापूनच काढावा लागतो. ऐकायला वाईट वाटतं, पण एक एल्बो आणि वीतभर पाईप एवढाच तो खर्च आहे.

आणि सगळं प्लास्टिक एक नसतं. पांढरा तो यूपीव्हीसी, थंड पाण्याचा. फिकट पिवळसर, साईच्या रंगाचा तो सीपीव्हीसी, गरम पाण्यालाही चालतो. दोघांचं सोल्युशन वेगळं असतं, डबा घेताना कशाचं आहे ते वाचून घ्या. काळा, निळ्या रेघेचा तो एचडीपीई. त्याला कोणतंही सोल्युशन चिकटत नाही. कितीही फासा, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखं.

आता मापाची गंमत. ही नीट ऐका, कारण आपल्या भागात अर्ध्या गळत्या इथून सुरू होतात असं माझं मत आहे. शेतातल्या कामाचा उरलेला पाईप घरात पडलेला असतो. फुकटचा आहे म्हणून तोच नळाला जोडतात. शेतीचा पाईप मिलीमीटरमध्ये मोजतात, आणि २५ मिलीमीटर म्हणजे त्याची बाहेरची जाडी बरोबर २५. घरच्या नळाचा पांढरा पाईप इंचात मोजतात, आणि पाऊण इंची म्हणतात त्याची बाहेरची जाडी असते जवळपास २६.७ मिलीमीटर. दुकानदार म्हणतो, दोन्ही एकच. एक नाहीत बाप्पा! २५ चा पाईप पाऊण इंची एल्बोत घातला की खुळखुळतो. मंग ती फट भरायला कोणी दोरा गुंडाळतं, कोणी प्लास्टिकची पिशवी गुंडाळतं, कोणी सोल्युशन ओततं. असा सांधा टिकत नाही. पिवळसर सीपीव्हीसीचं माप तर आणखी वेगळं, त्याचा अर्धा इंची पाईप बाहेरून फक्त १६ मिलीमीटरच्या आसपास असतो. म्हणून दुकानात जाताना कापलेला तुकडा सोबत न्या आणि फिटिंग तिथेच घालून पाहा. कोरडा पाईप फिटिंगमध्ये सहज एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जावा आणि तिथे घट्ट व्हावा. एकदम तळाशी गेला तर ढिला आहे. जातच नसेल तर माप चुकलं.

सांधा करायची रीत सांगते. पाणी बंद करा, पाईप रिकामा होऊ द्या. पाईप आरीने काटकोनात कापा; तिरका कापला तर एका बाजूला आधार कमी मिळतो. कापल्यावर कडेला बारीक कीस लोंबतो तो सुरीने आतून बाहेरून काढा. तो राहिला तर आत घालताना सोल्युशन खरवडून नेतो, आणि तिथेच पाण्याला वाट मिळते. पाईप आणि फिटिंग दोन्ही पुसून कोरडे करा. चिखल, तेल, घामाचा हात, काहीच नको. पाईप किती आत जाणार तिथे पेनाने खूण करा. मंग फिटिंगच्या आत पातळ थर आणि पाईपला बाहेरून जरा सढळ थर लावा. फिटिंगच्या आत जास्त ओतलं तर ते पाईपच्या तोंडाशी साचून धार कमी करतं. लगेच आत ढकला, ढकलताना पाव फेरा फिरवा, आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सोडलं तर पाईप हळूच मागे सरकतो. हाताने धरायचं म्हणजे धरायचं, तेवढ्यात फोन आला तरी उचलायचा नाही.

पाणी कधी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मी एक दिवस थांबते. सोपी युक्ती अशी की सकाळचं पाणी येऊन गेलं की लगेच काम करायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं पाणी येईपर्यंत सांधा वाळतो. त्या दिवसाचं पाणी आधी भरून ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतं. अशा दुपारी ब्रश डब्यातून काढून पाईपला लावेपर्यंतच सोल्युशनवर साय धरते. म्हणून मे महिन्यात हे काम उजाडताच करा, आणि पाईप सावलीत ठेवून मंग वापरा. पावसात करायचं झालं तर वर ताडपत्री धरायला दुसरी बाई हवी.

एक सावधगिरी. सोल्युशन पेट घेतं आणि त्याचा वास डोक्यात जातो. चुलीजवळ नको, विडी ओढणाऱ्याजवळ नको, दार बंद करून नको. गर्भार बाईने आणि लहान लेकरांनी लांब राहावं. झाकण घट्ट लावून डबा उंच ठेवा. घट्ट होऊन दह्यासारखं झालेलं सोल्युशन फेकून द्या, त्यात पातळ करायला काही मिसळू नका.

पाईप मधोमध चिरला असेल तर? चिरलेला भाग कापून काढायचा आणि दोन कपलर लावून नवा तुकडा बसवायचा. काढलेला तुकडा जेवढा, त्याहून नवा दोन सूत कमी कापा, कारण प्रत्येक कपलरच्या मधे एक कड असते. पण दोन्ही टोकं जमिनीत गच्च असतील तर नवा तुकडा आत जाणार कसा? म्हणून दोन्हीकडे चांगलं दोन-तीन हात उकरा, म्हणजे पाईप बाजूला वाकवता येतो. उकरायला जागाच नसेल तर एका बाजूला कपलरऐवजी युनियन लावा. त्याचे दोन भाग असतात, वेगवेगळे चिकटवायचे आणि मधल्या रबरी रिंगवर नट आवळायचा. पुढे कधी खोलायचं झालं तर पाईप कापावा लागत नाही. थोडं महाग पडतं, पण तोटीजवळ एक युनियन असावंच.

विस्तवावर पाईप तापवून त्याचं तोंड पसरवायचं आणि दुसरा पाईप त्यात खुपसायचा, हे आपल्या गावात सर्रास चालतं. शेतात पाणी वाहून न्यायला तेवढं पुरतं. घरच्या दाबाच्या पाण्याला ते चालत नाही. तापवलेल्या ठिकाणी भिंत पातळ होते, आणि एका बाजूला करपली की तिथूनच चिरते. वरून पीव्हीसी जळाल्याचा धूर घसा आणि छाती जाळतो. घरात चुलीवर हे कोणाला करू देऊ नका.

आता आट्यांचा सांधा, म्हणजे तोटी जिथे फिरवून बसवतो तो. इथे सोल्युशन नाही, इथे पांढरी टेफलॉन टेप. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. जुनी टेप काडीने पूर्ण काढा, आटे पुसा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाच-सहा वेढे ताणून द्या. उलट्या बाजूने गुंडाळली तर तोटी फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. ज्यांची टेप लावूनही गळते त्यांची बहुतेक वेळा हीच भानगड असते. मंग हाताने घट्ट करा आणि पान्याने फार तर एक-दीड फेरा. इथे माणसं ताकद दाखवतात. लोखंडाच्या जमान्यातला हात आहे, जेवढं आवळलं तेवढं चांगलं ही समजूत. प्लास्टिकच्या आट्यात लोखंडी किंवा पितळी तोटी आवळली की ती पाचरीसारखी आत शिरते आणि फिटिंग उभी चिरते. कधी कधी लगेच दिसत नाही, महिन्याने दिसतं. अशी केसासारखी चीर असेल तर टेपने भागत नाही, फिटिंगच बदला, आणि बदलताना आतून पितळी आटे असलेलं मागा. घरातलं लेकरू तोटीला लोंबकळतं, म्हैस अंग घासते, त्यालाही ते टिकतं. पाईप मात्र खुंटीला किंवा दगडाला बांधलेला हवा, नाहीतर सगळा हिसका सांध्यावर येतो.

तिसरी जात, काळ्या-निळ्या पाईपची. रस्त्यावरच्या मुख्य लाईनपासून घरापर्यंत बहुधा हाच असतो. त्यावर नटाचं फिटिंग असतं, आत एक पकडणारी रिंग आणि एक रबरी रिंग. गळत असेल तर पाणी बंद करून नट खोला. रबर फाटलेलं, मुरगळलेलं किंवा वाळू अडकलेलं दिसेल. पाईपची कड सुरीने जरा उतरती करा, साबणाच्या पाण्याचा हात लावा, तळाला लागेपर्यंत ढकला आणि नट आवळा. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. पण एक हद्द पाळायची. आपल्या दारातलं आपण करायचं. मुख्य लाईनवर जिथून फाटा निघतो ते ग्रामपंचायतीचं आहे. तिथे उकरायचं नाही, पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगायचं. त्याने ऐकलं नाही तर ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मांडा. जल जीवन मिशनच्या सूचनांप्रमाणे या समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. तुमच्या गावात त्या कोण आहेत, माहीत आहे का? सभा संपल्यावर एकमेकींना विचारा.

टाकीच्या बुडाशी गळत असेल तर तिथे टेपचा उपयोग नाही, रबरी वॉशर गेलेलं असतं. टाकी रिकामी करून आतलं वॉशर बदला. आणि टाकीतून निघालेला पाईप हवेत लोंबत असेल तर त्याखाली आधार द्या, नाहीतर नवं वॉशरही जाईल. नुसती तोटी बंद करूनही टपकत असेल तर तो सांध्याचा दोष नाही, तोटीच्या आतलं वॉशर बदला, काम झालं.

उन्हाचं आणखी एक सांगायचं राहिलं. प्लास्टिक तापलं की लांबतं. वीस फुटी पाईप ३० अंशांनी तापला तर साधारण एक सेंटीमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. भिंतीला दोन्हीकडून खिळ्याने गच्च आवळला असेल तर ही ओढाताण रोज सांध्यावर येते. म्हणून पट्टी अशी मारा की पाईप आत सरकू शकेल. उघड्या पाईपवर वर्षानुवर्षं ऊन पडलं की तो ठिसूळही होतो. मातीत गाडा, जिथून बैलगाडी-ट्रॅक्टर जातो तिथे जास्त खोल. गाडता येत नसेल तर पाण्यात कालवायचा पांढरा रंग द्या. कवेलूंवरून नेलेला पाईप वानरं सोडत नाहीत, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

सायकलच्या ट्यूबची पट्टी? चालते. ताणून गुंडाळली, वरून तार बांधली तर दोन-चार दिवस काढते. रोवणीच्या दिवसांत दुसरं काय करणार! पण ती आहे तोवर त्या नळाचं पाणी उकळूनच प्या. एम-सील कोरड्या जागेवर बसतं, वाहत्या पाण्यावर नाही.

आता गटाशी संबंधित. एका घरी आरी, पाना, टेप, सोल्युशन सगळं ठेवायची गरज नाही. ग्रामसंघाने एक पेटी करावी: आरी, दोन पाने, टेपचे बंडल, सोल्युशनचा लहान डबा, अर्ध्या आणि पाऊण इंचाचे चार-चार एल्बो, कपलर, एंड कॅप, थोडी वॉशरं. एका ताईकडे चावी, एक वही. कोणी काय नेलं, काय वापरलं, पैसे कधी दिले. कर्जाची वही आपण पैशापैशाने जुळवतो, ही काय अवघड आहे? भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. तेव्हा तालुक्याहून कारागीर कुठून येणार? आणि एरवीही तो येतो तेव्हा पेट्रोल आणि दिवसाची मजुरी आपणच देतो, वीस मिनिटांच्या कामाला. गावातल्या दोघी-तिघींनी शिकून घेतलं आणि रास्त मजुरी घेतली तर तो पैसा गावात राहतो. मजुरी घ्या बरं. बाईने केलं म्हणजे फुकट केलं, असं गृहीत धरायची सवय आपल्यालाच जास्त आहे.

मागच्या ओळीतल्या ताईंनी विचारलं आहे की सांधा जोडल्यावर पाणी लगेच प्यायचं का. नाही. पहिलं पाणी सोल्युशनचा वास जाईपर्यंत सोडून द्या, ते झाडांना, आवाराला. मंग गावात ज्या पाच जणींना पाणी तपासायचं किट शिकवलं आहे त्यांच्याकडून त्याच तोटीच्या पाण्याची क्लोरीनची तपासणी करून घ्या. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन तोटीपर्यंत पोचतंय. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावं. शेजारच्या नळाला रंग येतो आणि तुमच्या नळाला येत नाही, तर मधे कुठेतरी अजून एक फट आहे. पुन्हा राख घ्या आणि बाहेरच्या फाट्यापासून सुरुवात करा.